अवेदन ग्रंथी आणि आपली निश्चिंती

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ७६ नेत्ररोगांमध्ये वर्त्मार्बुदाचे जे वर्णन आहे, ते वैद्यबंधूंनी पुन्हा एकदा वाचावे अशी विनंती आहे. पापणीच्या आत असणारी, विषम आकाराची, आरक्त आणि वेदनारहित ग्रंथी. यातील ‘वेदनारहित’ या शब्दाकडे आपले दुर्लक्ष होते. माझेही झाले.

साठी उलटलेले एक गृहस्थ डोळा लाल राहतो म्हणून माझ्याकडे येत असत. ठणका नाही, खाज नाही, चिपडे नाहीत. अभिष्यंद समजून मी आश्च्योतन, त्रिफळा व पथ्य यांची योजना केली. लाली हटेना, परंतु त्रास नसल्याने तेही निश्चिंत आणि मीही. पाचव्या महिन्यात खालची पापणी ओढून पाहिली, तेव्हा आत गुलाबी-केशरी, मांसल पट्टा दिसला. बायॉप्सीनंतर लसिकापेशींचे अर्बुद, म्हणजे लिम्फोमा, असे निदान झाले. पापणी ओढून पाहण्यास पाच महिने लागावेत, याची लाज आजही वाटते.

नेत्रश्लेष्मकला, अश्रुग्रंथी, नेत्रकोटर व पापणी येथील लिम्फोमा बहुधा ‘माल्ट’ या संथ वाढणाऱ्या प्रकारचा असतो. तो स्थानिक असेपर्यंत किरणोपचाराने उत्तम आटोक्यात येतो. रूढ मात्रा साधारण २४ ग्रे, तर निवडक रुग्णांत केवळ ४ ग्रे. रोग अन्यत्र पसरला आहे काय, हे पाहण्यासाठी सर्वांगाची तपासणी मात्र अनिवार्य ठरते. इटलीतील संशोधकांनी २००४ साली क्लॅमिडिया सिटासी या जंतूशी त्याचा संबंध दाखविला; तथापि सर्व देशांत तो सारखा आढळलेला नाही.

डोळ्याच्या आतील, काचाभ द्रव व दृष्टिपटलातील लिम्फोमा याहून घातक. उतारवयात तरंगते ठिपके, धूसर दृष्टी आणि वरवर दाहाचे चित्र. पण अनेकांत मेंदूतही तोच रोग असतो किंवा पुढे उद्भवतो.

औषधालयाच्या मालकांना येथे स्पष्ट सांगावेसे वाटते. रिकामी बाटली दाखवून मागितलेले स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीवाचून देऊ नयेत. स्टेरॉइडने लाली व सूज तात्पुरती ओसरते, रुग्ण समाधान पावतो आणि निदान लांबते.

बायॉप्सी हा शब्द उच्चारताच आपल्यातील काहींना शास्त्रद्रोह वाटतो. सुश्रुतांनी अर्बुदाची गणना ११ छेद्य नेत्ररोगांत केली आहे, अंजनसाध्य रोगांत नव्हे. मग तुकडा तपासण्यास आपला विरोध कोणत्या ग्रंथाच्या आधारे?

दोन आठवड्यांत न शमणारी लाली, पापणीतील अवेदन गाठ, पुढे आलेला डोळा यांपैकी काहीही दिसले, की मी आता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी देतो. प्रत्येक लाल डोळा अर्बुद नसतो, हे मलाही ठाऊक आहे. चिठ्ठीस मात्र खर्च येत नाही.

ते गृहस्थ किरणोपचारानंतर सुस्थितीत आहेत. डोळ्यास कोरडेपणा आला आहे. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांचे थेंब घालतात आणि माझ्याकडे भूक व झोपेच्या तक्रारींपुरते येतात.