आकडा सांगितलात, एकक कुठंय?

मंडळी, नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि पार बोईसरपर्यंत एकच प्रश्न: "कितीचा होता?" उत्तर नुसता आकडा! रिश्टरचा आकडा भूकंप मुळात केवढा ते सांगतो. आपली जमीन किती जोरात हलली हे त्वरणावरून कळतं, आणि ते मोजणारा सेन्सर आता जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो.

तरुण प्रोग्रामर म्हणतात, "आकडे आले की झालं, एकक नंतर बघू." नंतर म्हणजे कधी? टेबलावर स्वस्थ पडलेला अँड्रॉइड फोन सुमारे ९.८ दाखवतो, कारण त्याचं एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. आयफोन १ दाखवतो, कारण त्याचं एकक 'जी'. दोन्ही बरोबर! पण एकक गाळून एका तक्त्यात घाला, की तोच धक्का एकाकडे जवळजवळ दहापट.

सेन्सर जुळवणं सोपं आहे. आधी सुलटा ठेवा, मग उलटा. दोन आकड्यांतला फरक २ जी, म्हणजे सुमारे १९.६ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवा. पृथ्वीनं फुकट दिलेलं प्रमाण आहे हे! पण एककच लिहिलं नाही, तर जुळवलं कशाशी?

१९९९ मध्ये एका सॉफ्टवेअरनं पौंडांत दिलेले आकडे दुसऱ्यानं न्यूटनमध्ये धरले आणि नासाचं मंगळयान गेलं. आपल्याकडे तर तारापूरला अणुभट्ट्या आहेत, आणि बांधकाम किती हादरा सोसेल हे त्वरणावरूनच ठरवतात.

शाळेत एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण जायचा. मास्तर अर्ध्या गुणासाठी भांडतोय म्हणाल. हो, भांडतोय!