शेवटचं गाणं आधी ऐका

“पहिल्यासारखं नाही राहिलं यार!” हे वाक्य आपण साधारण दोन गोष्टींबद्दल हमखास म्हणतो. एक, कॉलेजच्या कॅन्टीनमधला वडापाव. दोन, आपला लाडका बँड. वडापावबद्दल मी वाद घालणार नाही, त्या जखमा खोल आहेत. बँडबद्दल मात्र आज थोडा वाद घालायचाय.

निमित्त माझ्या जुन्या रूममेटचं. हा प्राणी आता हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, ईएमआय भरतो, मुलीला स्केटिंगला सोडतो. पण गाण्यांच्या बाबतीत त्याचं घड्याळ २००६ सालीच बंद पडलंय. त्याचा जीव की प्राण म्हणजे ‘आर्क्टिक मंकीज’. परवा गाडीत मी त्यांचाच २०२२चा ‘द कार’ हा अल्बम लावला. तिसऱ्या गाण्याला साहेबांचा पेशन्स संपला.

“अरे, हे काय लावलंयस? फाइव्ह स्टारच्या लॉबीत कोणाची तरी वाट बघत बसल्यासारखं वाटतंय. ड्रम्स कुठे गेले?”

“आहेत की.”

“मग झोपलेत! अचानक काय झालं रे ह्यांना?”

त्याच्या त्या ‘अचानक’वर माझी सुई अडकली. कारण माझं म्हणणं असं, की अचानक काहीच झालेलं नाही. हा बदल पहिल्या अल्बमपासून हळूहळू चालूच होता. फक्त आपण ऐकताना शेवटच्या गाण्यापर्यंत पोचत नव्हतो!

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. इंग्लंडच्या उत्तरेकडचं शेफील्ड हे पोलादाचं शहर. तिथली ही चार पोरं. गाणारा आणि लिहिणारा अ‍ॅलेक्स टर्नर, गिटारवर जेमी कुक, ड्रम्सवर मॅट हेल्डर्स. बेसवर सुरुवातीला अँडी निकोल्सन होता, २००६मध्ये त्याच्या जागी निक ओमॅली आला. जून २००३मध्ये एका पबमध्ये यांचा पहिला शो झाला. मग ही मंडळी घरीच सीडी कॉपी करून शोला आलेल्यांना फुकट वाटायची. ऐकणाऱ्यांनी ती गाणी कॉम्प्युटरवर चढवली, एकमेकांना पाठवली. मोठ्या कंपन्यांना पत्ता लागेपर्यंत निम्म्या इंग्लंडला गाणी पाठ होती. शेवटी त्यांनी करार केला तोही ‘डॉमिनो’ या स्वतंत्र, छोट्या लेबलशी.

जानेवारी २००६मध्ये पहिला अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३,६३,७३५ प्रती खपल्या. तोपर्यंत तिथे कुठल्याच नवख्याचा पहिला अल्बम इतक्या झपाट्याने विकला गेला नव्हता. टर्नर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. गाणी कशावर? टॅक्सीची रांग, नाइटक्लबच्या दारावरचे बाउन्सर, शनिवारी रात्रीची भांडणं. आणि सगळं अस्सल शेफील्डच्या बोलीत, सुसाट वेगात. आमच्या होस्टेलवर कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून ही गाणी आली, तेव्हा अर्धे शब्द डोक्यावरून जायचे. पण खुन्नस बरोब्बर पोचायची!

आता गंमत बघा. त्या अल्बमचं नाव होतं ‘व्हॉटेव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आय अ‍ॅम नॉट’. थोडक्यात, ‘लोक म्हणतात तो मी नव्हेच’. अ‍ॅलन सिलिटोची १९५८ची एक कादंबरी आहे, ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’. त्यातल्या बंडखोर कारखाना कामगाराची ही भाषा. म्हणजे या पोरांनी पहिल्याच दिवशी, अल्बमच्या नावातच सांगून ठेवलं होतं की बाबांनो, आमच्यावर शिक्का मारू नका. आपण काय केलं? शिक्का मारला!

मग पुढे काय झालं? २००७मध्ये दुसरा अल्बम, पहिल्याहून जोरकस. सगळे खूश. मग हे लोक थेट कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गेले, ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’च्या जॉश होमीबरोबर रेकॉर्डिंग करायला. २००९मध्ये ‘हमबग’ आला. गाणी मंदावली, अंधारी झाली, आणि ‘पहिल्यासारखं नाही राहिलं’चा पहिला कोरस तेव्हाच सुरू झाला. २०११मध्ये सुरेल, गिटारने लखलखणारा ‘सक इट अँड सी’. २०१३मध्ये ‘एएम’. जड गिटार, पण ठेका हिप-हॉपचा आणि मागे बारीक आवाजातला कोरस. हा इतका गाजला की बँड जगभरच्या अवाढव्य स्टेजवर जाऊन पोचला.

खरा पेच इथे आहे. फॉर्म्युला सापडलाय. लेदर जॅकेट शोभतंय. कोणताही शहाणा मॅनेजर काय सांगेल? ‘एएम पार्ट टू’ काढा आणि मजा करा. त्याऐवजी पाच वर्षं अल्बम नाही. टर्नर लॉस एंजेलिसच्या घरी बसलेला, गिटार हातात घेतली तरी काही सुचत नाही. तिसाव्या वाढदिवसाला त्याला मॅनेजरने पियानो भेट दिला होता. त्यावर बसल्यावर मात्र गाणी यायला लागली. (वडील संगीतशिक्षक, लहानपणी पियानो शिकलेला, तेव्हा बोटांना थोडी ओळख होतीच.) गाणी कुठली, तर चंद्रावरच्या एका काल्पनिक हॉटेलातली! ती त्याने घरीच टेपवर रेकॉर्ड केली.

पियानोमुळे एवढा काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. पडतो. गिटारवर बहुतेक वेळा आधी रिफ सुचतो, म्हणजे तोच तो छोटा तुकडा पुन्हा पुन्हा. त्याला ठेका लागतो, वेग लागतो आणि शब्द त्या मापात बसवावे लागतात. पियानोवर डावा हात बेस सांभाळतो, उजवा सूर बदलत जातो आणि गाणाऱ्याला वाक्य हवं तेवढं लांबवायला मोकळीक मिळते. ड्रम्स झोपत नाहीत, बोलणाऱ्याला जागा देतात. टर्नर मुळात किस्से सांगणारा माणूस. त्याला ती जागा हवीच होती.

पण प्रश्न होता, हे बँडचं काम आहे का? मुलाखतींमध्ये त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलंय. टर्नरला स्वतःलाच शंका होती, की हा कदाचित आपला एकट्याचा अल्बम असेल. त्याने ती टेप कुकला ऐकवली. जरा विचार करा, बँडमधल्या गिटारवाल्याला तुम्ही अशी गाणी ऐकवताय ज्यात गिटारला फारसं कामच नाही! मैत्री तुटायला एवढंही पुरतं. कुकला ती आवडली. मग चौघं एकत्र आले आणि २०१८मध्ये ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो’ बँडच्या नावाने आला, आधी एकही सिंगल न सोडता. जुने फॅन्स चक्रावले. तरी ब्रिटनमध्ये पहिला नंबर मिळालाच, सलग सहावा. पुढे ‘द कार’ दुसऱ्या नंबरवर राहिला, कारण त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ आला होता. तिच्यापुढे कोणाचं काय चालणार!

आता माझ्या शेवटच्या गाण्याच्या फंड्याकडे येतो. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. या बँडचं उलटं आहे. यांच्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यात बऱ्याचदा पुढची दिशा दडलेली असते.

पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं ‘अ सर्टन रोमान्स’. बाकी अल्बम धावतोय आणि हे गाणं साडेपाच मिनिटं निवांत चाललंय. सुरुवातीला गावातल्या टग्यांवर राग, मग हळूच कबुली की त्यातले काही आपलेच दोस्त आहेत, त्यांच्यावर कसं चिडणार? विसाव्या वर्षी हे सुचणारा माणूस आयुष्यभर नुसती खुन्नस गाणार नाही, हे तिथेच कळायला हवं होतं. दुसऱ्या अल्बमच्या शेवटी ‘फाइव्ह ओ फाइव्ह’. सुरुवातीला फक्त ऑर्गनचे सूर, तेही एनिओ मोरिकोनेच्या सिनेमासंगीतावरून उचललेले, आणि आवाज जवळजवळ कुजबुजता. २००७मध्येच! गंमत म्हणजे २०२०नंतर नव्या पिढीच्या पोरापोरींनी हेच गाणं पुन्हा शोधून डोक्यावर घेतलं.

‘एएम’च्या शेवटी ‘आय वॉना बी युअर्स’. सॅलफर्डचा कवी जॉन कूपर क्लार्क याच्या कवितेला लावलेली संथ चाल. स्पॉटिफायवर ते एक अब्जाच्या पुढे गेलंय. म्हणजे ज्या संथपणावर जुने लोक चिडले, त्यावरच नवे लोक फिदा झाले. ‘ट्रँक्विलिटी बेस’च्या शेवटी ‘द अल्ट्राचीज’, पियानोवर डोलणारं, जुन्या वळणाचं गाणं. ते संपल्यावर लगेच ‘द कार’चं पहिलं गाणं लावा. सलग एकच रेकॉर्ड चालू आहे असं वाटेल.

आणि ते व्हायोलिनचे ताफे? तेही नवे नाहीत. टर्नरने माइल्स केनबरोबर ‘द लास्ट शॅडो पपेट्स’ नावाचा जोडधंदा काढला होता, त्यांचा पहिला अल्बम २००८चा, भरगच्च ऑर्केस्ट्रासकट. रेकॉर्डिंगला जेम्स फोर्ड, जो २००७पासून ‘आर्क्टिक मंकीज’बरोबर आहे. सांगा आता, ‘अचानक’ कुठे आहे?

हे सगळं मला एवढं मनाला का लागतं, तेही सांगतो. मी जाहिरातीत नोकरीला लागलो तेव्हा माझी एक विनोदी रेडिओ जिंगल गाजली. छान वाटलं. त्यानंतर चार वर्षं त्या ऑफिसमध्ये माझ्या टेबलावर फक्त विनोदी जिंगल्स येत राहिल्या. एकदा एका हॉस्पिटलच्या जाहिरातीसाठी गंभीर काहीतरी लिहून नेलं, तर बॉस म्हणाले, “छान आहे रे, पण तू आपला हसवणारा माणूस!” अप्रेझलमध्ये तेच, पार्टीत तेच. तुमच्याही ऑफिसात असतीलच असे शिक्के. ‘ती एक्सेलवाली’, ‘तो टेस्टिंगवाला’. बावीसाव्या वर्षी जे जमलं, तेच बेचाळिसाव्या वर्षीही करत राहावं अशी सगळ्यांची प्रेमळ अपेक्षा. राग कोणावर धरणार, शिक्का मारणारे आपलेच असतात.

म्हणून मला टर्नरच्या पियानोपेक्षा कुकची जास्त कमाल वाटते. बदलायची हिंमत बऱ्याच जणांना असते हो. पण बदललेल्या माणसाकडे शांतपणे बघून ‘बरं, यात मी कुठे वाजवू?’ असं विचारणारा सहकारी मिळणं, ही चैन आहे. माझ्या ऑफिसात असा कोणी असता तर ती हॉस्पिटलची जाहिरात कदाचित आली असती.

याचा अर्थ प्रत्येक बदल ग्रेट असतो, असं मुळीच नाही. ‘ट्रँक्विलिटी बेस’मधली दोन-तीन गाणी मलाही अजून पचलेली नाहीत. चंद्रावर पोचेपर्यंत पेट्रोल संपल्यासारखी वाटतात. न आवडण्याचा हक्क आपल्याला आहेच, तिकिटाचे पैसे आपण भरतो. शिवाय संगीत नाटकांच्या काळापासून वन्समोअर मागायची आपल्याला सवय आहे. हा बँड वन्समोअर द्यायला नाहीसुद्धा म्हणत नाही. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ‘आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर’ दणक्यात वाजवलं. २०२३मध्ये ग्लास्टनबरीला मुख्य शो केला तेव्हा जुनी सुसाट आणि नवी संथ गाणी शेजारी शेजारी ठेवली. स्टेजवर जुनं द्यायचं, स्टुडिओत नवं शोधायचं, अशी सरळ वाटणी आहे. आपण स्टुडिओतही जुनंच मागतो, हा आपला हट्ट.

तेव्हा एक छोटा होमवर्क. येत्या वीकेंडला हेडफोन लावा आणि फक्त पाच गाणी ऐका, याच क्रमाने. ‘अ सर्टन रोमान्स’, ‘फाइव्ह ओ फाइव्ह’, ‘आय वॉना बी युअर्स’, ‘द अल्ट्राचीज’ आणि ‘द कार’च्या शेवटी आलेलं पावणेतीन मिनिटांचं ‘परफेक्ट सेन्स’. सगळं मिळून जेमतेम वीस मिनिटं. मध्ये उठून चहा करायचा नाही. पाचवं संपलं की स्वतःशी एक पैज लावा, की याच्या पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये काय असायला हवं. मी व्हायोलिन्स कमी आणि पुन्हा थोडा आरडाओरडा, यावर पैसे लावलेत. चुकलो तर आनंदच आहे. नावातच सांगितलं होतं ना त्यांनी!