मदतीलाही तारीख असते

आपल्या बेळगावात मदतीचे हात कमी आहेत असं मला कधीच वाटलं नाही. कुणी गणेशोत्सवात मंडळातर्फे रक्तदान शिबिर घेतं. कुणी वाढदिवसाच्या पार्टीचे पैसे वाचवून अनाथाश्रमात जेवण देतं. नाताळात चर्चमार्फत कपडे वाटले जातात, रमजानमध्ये गरजूंच्या घरी सामान पोचतं, नवरात्रात महाप्रसादासाठी तांदळाची पोती येऊन पडतात. ज्यांच्या खिशात काही नसतं ते राबायला येतात, पंगतीत वाढतात, पत्रावळ्या उचलतात. त्यामुळे ‘आजकाल माणुसकी उरली नाही’ हे निबंधातलं ठरलेलं वाक्य मला पटत नाही. माणुसकी आहे की!

माझी तक्रार दुसरीच आहे. कुणी मदत केली आणि किती केली, एवढंच आपण विचारतो. कधी केली, हे कुणी विचारत नाही. खरं तर मदत घेणाऱ्याच्या दृष्टीनं हाच प्रश्न सगळ्यात मोठा असतो.

रक्तदानाचंच बघा. एके काळी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणारे लोक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून त्यावर बंदी आली. तेव्हापासून रक्तपेढ्यांची सगळी भिस्त स्वेच्छेनं रक्त देणाऱ्यांवर, आणि ते कमी पडले की रुग्णाच्या धावपळ करणाऱ्या नातेवाइकांवर. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती. त्या आठवड्यात गावोगावी शिबिरं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण रक्त काही मुदत ठेव नाही. तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. म्हणजे १ ऑक्टोबरला दिलेलं रक्त नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वापरलं गेलं नाही तर ते टाकून द्यावं लागतं.

मग येतो एप्रिल-मे. कॉलेजला सुट्टी, होस्टेल रिकामी, निम्मं गाव लग्नसराईत. दरवर्षी याच दिवसांत रक्ताच्या तुटवड्याच्या बातम्या येतात. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याच्या आजाराला उन्हाळ्याची सुट्टी नसते. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. ऑक्टोबरात आनंदानं रक्त देणारा मुलगा जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्येही देऊ शकतो. पण त्याला त्या वेळी फोन करणारं कुणी नसतं, आणि त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यानं सोसलेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकदम फुगल्या. चिकोडी, अथणी, गोकाक, रामदुर्ग या भागांतली गावंच्या गावं पाण्यात गेली. तिकडे कोल्हापूर-सांगलीचीही तीच गत झाली आणि पुण्या-बेंगळुरूचा महामार्ग काही दिवस बंद पडला. त्या वेळी मदतीचा जणू दुसरा पूर आला. चपात्या, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी. ज्याची चूल पाण्याखाली आहे त्याला शिजवलेली चपातीच लागते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली ती मदत अगदी योग्य होती.

पण पूरग्रस्ताची गरज दर आठवड्याला बदलते. पाणी ओसरलं की घरातला चिखल उपसायला फावडी, घमेली आणि माणसं लागतात. मग विहिरी साफ करायच्या असतात. मग शाळा सुरू होते आणि पोरांची दप्तरं वाहून गेलेली असतात. खरिपातलं सोयाबीन आणि ऊस कुजलेला असतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात रब्बीच्या पेरणीला बी घ्यायला पैसे नसतात. त्या वेळी शेतकऱ्याला दिलेली हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी त्याचं वर्ष सावरू शकते. पण तोवर टीव्हीवरचा पूर संपलेला असतो आणि आपल्या मनातलाही.

जुन्या कपड्यांचं तर विचारूच नका. कपाट आवरताना जे निघेल ते पुराच्या नावानं द्यायचं, ही आपली पद्धत. ‘गूंज’ या संस्थेनं १९९९ पासून नेमक्या याच सवयीला वेगळं वळण दिलं. शहरांतून कपडे गोळा करायचे, निवडायचे, दुरुस्त करायचे. मग गावकऱ्यांनी स्वतः विहीर खोदली, रस्ता बांधला की त्या श्रमाचा मोबदला म्हणून ते द्यायचे. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडे आपल्या कपाटातलेच, पण त्यांच्यामागे वर्षभराची आखणी आहे.

अशी आखणी आपल्या परंपरांना नवी नाही. पंढरीची वारी बघा. पालखी कुठल्या गावात कधी मुक्कामाला येणार हे गावाला आधीच ठाऊक असतं. त्या दिवशी कुणी भाकरी करतं, चांभार फाटलेल्या चपला शिवून देतो, न्हावी फुकट दाढी करतो, डॉक्टर पायांचे फोड बघतो. ज्याला जे येतं ते, आणि वारकऱ्याला लागेल त्याच दिवशी. मुसलमान समाजात फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यावा लागतो, कारण गरिबाच्या घरीही त्या सकाळी ईद झाली पाहिजे. नमाजानंतर दिलं तर ते साधं दान धरलं जातं. आणि १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं काही सोबत्यांना घेऊन गरिबांच्या घरी नेमानं जायला सुरुवात केली. त्यातूनच सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी उभी राहिली. ती कॉलेजच्या पोरांनी सुरू केली होती, हे आपण विसरू नये. त्यांच्याजवळ पैसा फारसा नव्हता, पण ठरल्या दिवशी दार ठोठावण्याचा नेम होता.

आता विद्यार्थ्यांच्या हातातली गोष्ट सांगतो. अंध परीक्षार्थीला पेपर लिहायला लेखनिक लागतो. तो सांगणार, दुसऱ्यानं लिहायचं. २०१८ च्या केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणून पदवीच्या मुलासाठी पीयूसीचे विद्यार्थी उपयोगी पडतात. यात एक पैसा लागत नाही. अक्षर वाचता येण्याजोगं हवं, ऐकलेलं तसंच उतरवण्याचा प्रामाणिकपणा हवा आणि सकाळी वेळेवर हजर राहायला हवं. इथं तारखेला पर्यायच नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ‘सॉरी, काल जमलं नाही’ म्हटलं तर समोरच्याचं वर्ष गेलेलं असतं. पंचाईत अशी की बऱ्याचदा त्याच दिवसांत आपल्याही परीक्षा असतात. त्यामुळे कोण मोकळं आहे याची यादी महिनाभर आधी तयार नसेल तर ऐन वेळी कुणीच सापडत नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, माणूस मनापासून देतोय तर देऊ द्या, त्यात वेळापत्रक कशाला? दान म्हणजे काय बसचं रिझर्वेशन? या म्हणण्यात तथ्य आहे. वाढदिवसाला आश्रमात जेवण देणाऱ्या माणसाचा आनंद खरा असतो आणि त्या मुलांच्या पानातली जिलेबीही खरी असते. मी त्याला नावं ठेवत नाही. हिशोबीपणा आला की माया आटते ही भीतीही खोटी नाही. पण ज्या घरात माया असते तिथं वेळापत्रकही असतंच. आई आपल्याला रोज वेळेवर डबा देते, तेव्हा तिची माया कमी होते का? आश्रमातल्या मुलांना डिसेंबरात तीन-तीन वेळा गोड मिळावं आणि जुलैत वह्यांसाठी कुणी विचारू नये, यात मायेचा दोष नाही. तो विस्मरणाचा दोष आहे आणि त्यावर साधी वही हा उपाय आहे.

म्हणून आपल्या वाङ्मय मंडळापुढे आणि कॉलेजपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली, १ ऑक्टोबरच्या शिबिरात सगळ्यांनी एकाच दिवशी रक्त देण्याऐवजी निम्म्यांनी फक्त नाव, रक्तगट आणि फोन नंबर लिहून द्यावा, आणि त्यांना रक्तपेढी सांगेल तेव्हा, विशेषतः उन्हाळ्यात, बोलवावं. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली आहे म्हणून परत पाठवलेल्या आपल्या मैत्रिणी खट्टू होतात. ही यादी सांभाळण्याचं काम त्यांना हवं तर घेता येईल, आणि ते रक्त देण्याइतकंच मोलाचं आहे. दुसरी, लेखनिकांची एक नोंदवही ठेवावी. मराठी, कन्नड, इंग्रजी या तिन्ही भाषा लिहिणारी मुलं आपल्याकडे आहेत. सीमाभागात राहण्याचा हा फायदा आपण कधी मोजलाच नाही. तिसरी, पूर किंवा दुष्काळाच्या वेळी जमलेल्या निधीतला निम्मा भाग तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवावा आणि गावकऱ्यांना विचारूनच खर्च करावा.

या तिन्ही गोष्टींत टाळ्या पडण्यासारखं काही नाही. मे महिन्याच्या दुपारी एकटाच रक्तपेढीत गेलेल्या मुलाचा फोटो कुठल्या पेपरात येणार नाही. पण त्याच दुपारी कुणाची तरी आई ‘रक्त मिळालं’ एवढेच दोन शब्द ऐकायला बाहेरच्या बाकावर बसलेली असते. तिच्या दृष्टीनं मदतीची तारीख तीच.