चिप म्हणजे जीपीएस नव्हे!

७ नोव्हेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश : शाळा, दवाखाने, बसस्थानक, रेल्वे स्टेशनवरची भटकी कुत्री पकडून निवारा केंद्रात न्यायची, परत तिथे सोडायची नाहीत.

समजा, तुमचा हरवलेला मोती तिरोडा स्टेशनवर भटकतोय. तो पाळलेला आहे, हे पकडणाऱ्याला कळणार कसं?

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिच्यात ना बॅटरी, ना जीपीएस, फक्त नंबर. तो वाचायला खास स्कॅनर लागतो. २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेर २० कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड घातले. ते साध्या मोबाइलवर स्कॅन होतात.

छोट्या गावांसाठी मला हाच मार्ग पटतो. पण स्कॅन केल्यावर नेट नसेल तर? म्हणून पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबरही ठळक लिहा. आजच.