चौदावा आठवडा

पोलिओच्या फेरीत घरोघर फिरणारी जोडी दारावर खडूने खूण करते. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’. मूल भेटलं नाही, घर बंद होतं किंवा नकार मिळाला तर ‘एक्स’. एक्सच्या घरी पुन्हा जायचं, हा नियम. या खुणेने देशाला मोठं यश दिलं आहे. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात एका मुलीला पोलिओ झाला, त्यानंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण भारतात नाही. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला तसं प्रमाणपत्रही मिळालं.

महाड आणि पोलादपूरच्या कातकरी वाड्यांवर मात्र ही खूण अपुरी पडते. भात कापून झालं, दिवाळी सरली की वाडीतली जोडपी लेकरांसह बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी घाटावर कोळशाच्या भट्टीवर. मागे उरतात म्हातारी माणसं आणि कड्या लावलेली दारं. आता पोलिओ रविवारांच्या तारखा पाहा. १० मार्च २०१९, १९ जानेवारी २०२०, ३१ जानेवारी २०२१, २७ फेब्रुवारी २०२२, ३ मार्च २०२४. एकूण एक भट्टीच्या हंगामातल्या. त्याला कारण आहे. थंडीत या विषाणूचा फैलाव मंदावतो, तेव्हाच त्याला गाठायचं असतं. आरोग्य खात्यालाही मुलं कुठे असतात हे ठाऊक आहे. म्हणून फिरती पथकं भट्ट्यांवर जातात, एसटी स्टँडवर उभी राहतात. तोंडात दोन थेंब, करंगळीला शाई. हे काम आशाताई, सेविका आणि नर्सबाई वर्षानुवर्षं मन लावून करत आल्या आहेत. थेंबांबद्दल तक्रार नाही.

प्रश्न त्या थेंबांत जे नाही त्याचा आहे.

एप्रिल २०१६ पासून पोलिओच्या थेंबांत विषाणूच्या ‘टाइप २’ या प्रकारावरची लस नाही. ती विचारपूर्वक काढली. नैसर्गिक टाइप २ जगात शेवटचा सापडला तो १९९९ मध्ये, आपल्याच अलीगडला. राहिला होता फक्त लसीतला, दुबळा केलेला. जिथे बरीच मुलं लसीविना राहतात, तिथे हा दुबळा विषाणू एका मुलातून दुसऱ्यात जात जात पुन्हा अंगात बळ आणतो आणि पाय लुळे करतो. म्हणून तो थेंबांतून गेला आणि त्याच्या जागी इंजेक्शन आलं. सहाव्या आठवड्यात एक, चौदाव्या आठवड्यात दुसरं, २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसरं. दंडावर, कातडीत, ०.१ मिलिलिटर. टाइप २ पासून मुलाचा बचाव आज एवढ्या सुईवरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञही हेच सांगतात: पोलिओ जगातून गेला की थेंब बंद होणार, इंजेक्शन चालूच राहणार.

आता वाडीवर सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेलं मूल धरा. सहावा आठवडा ऑक्टोबरात भरतो. मूल वाडीवरच असतं, डोस मिळतो. चौदावा आठवडा येतो डिसेंबरात. तेव्हा ते दुसऱ्या तालुक्यात, भट्टीवरच्या खोपटात, झोळीत असतं. आई पहाटेपासून चिखलात. इंजेक्शन द्यायला घरोघर कोणी फिरत नाही. ते उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत, ठरल्या दिवशी, सत्र लागेल तेव्हाच मिळतं. त्या दिवशी खाडा केला तर रोज बुडतो, आणि घेतलेली उचल तर फेडायची असते. दिवाळीत जन्मलेल्या मुलाचे पहिले दोन्ही डोस भट्टीवरच पडतात. लसीकरणाचं कार्ड कुठेही चालतं, यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंदही असते. पण भट्टीवर त्या मुलाची वाट पाहणारं कोणी नसतं, आणि वाडीवर नर्सबाईच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे एवढंच लिहिलेलं असतं: बाहेरगावी.

एका मुलाने काय होतं, असं कोणी म्हणू नये. गाझात २०२२ मध्ये पोलिओच्या लसीकरणाचं प्रमाण ९९ टक्के होतं. मग युद्धात माणसं जागा बदलत राहिली आणि ठरलेल्या तारखांचे डोस चुकत गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला लुळेपणा आल्याचं निष्पन्न झालं. पंचवीस वर्षांनंतरचा तिथला हा पहिला रुग्ण, आणि विषाणू टाइप २. वाडीवर युद्ध नाही, पण तारखा चुकायला घर सोडावं लागणं पुरेसं असतं. मुंबईत २००१ पासून गटाराचं पाणी तपासून विषाणूचा माग काढला जातो. परळची प्रयोगशाळा त्यासाठी नावाजलेली आहे. भट्टीवर गटारच नसतं. तिथे विषाणू आलाच तर तो पाण्यात नव्हे, मुलाच्या पायात दिसेल.

वाडीतलं कोणतं कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार, हे दिवाळीआधीच एका माणसाला पक्कं माहीत असतं. मुकादमाला. त्याने उचल दिलेली असते, त्याच्या वहीत नावं असतात, जायचा दिवसही ठरलेला असतो. महाड आणि पोलादपूरच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी दसऱ्याच्या सुमारास या मुकादमांना बोलावून घ्यावं. वर्षाच्या आतल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, पुढच्या डोसचा आठवडा आणि भट्टीचं ठिकाण एका यादीत उतरवावं. ती यादी भट्टीच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हातात पडली पाहिजे, आणि त्या केंद्राने हंगामात महिन्यातून एकदा भट्टीवरच सत्र लावलं पाहिजे, संध्याकाळी, काम सुटल्यावर. यादी मिळाली, सत्र झालं, हे कळवणारा निरोप उलट महाड-पोलादपूरला यायला हवा. त्यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको. वाडीच्या आणि भट्टीच्या तालुक्यांनी एकमेकांना फोन करायला हवा.