नांगराच्या साखळीचा गंज

शिडाची होडी खाडीत नांगर टाकून उभी राहिली, म्हणजे आत निजणाऱ्यांचे प्राण रात्रभर एका साखळीच्या हवाली असतात. वादळ सुटून एक कडी तुटली, तर बाकीच्या शेकडो कड्या मजबूत होत्या हे समाधान काय कामाचे? ह्याकरिता ही साखळी कशी गंजते व तो गंज कसा टाळावा, हे जाणणे अगत्याचे आहे.

साखळी पोलादाची असून तिजवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढण्याच्या कृतीचे पेटंट सोरेल ह्या फ्रेंच अभियंत्याने १८३७ साली घेतले. हा मुलामा म्हणजे नुसते पांघरूण, असे कोणी म्हणेल; परंतु तसे नाही. तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो. त्यावर ओरखडा पडला की तेथील लोखंड झपाट्याने गंजते. जस्ताच्या बादलीचे तसे होत नाही. कारण ओल लागताच जस्त स्वतः आधी झिजते आणि शेजारच्या उघड्या लोखंडास वाचविते. अर्थात् जस्त शिल्लक आहे तोंवरच हे रक्षण!

हे जस्त दोन ठिकाणी लवकर संपते. नांगराजवळचा भाग तळच्या वाळूवर घासून उघडा पडतो, हे सर्वांस ठाऊक असते. दुसरे ठिकाण म्हणजे होडीतील साखळीचा कप्पा. त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तेथे ओली, खारट, चिखलाने माखलेली साखळी ढिगाने पडून राहते. मोकळ्या हवेत जस्तावर जो रक्षक थर धरतो, तो येथे धरत नाही व जस्ताची पांढरी भुकटी होऊ लागते. ही भुकटी पहिली सूचना. तांबडा गंज ही दुसरी.

उपाय सोपे आहेत. नांगर उचलतानाच चिखल धुवावा. परतल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी. कप्प्याच्या तळाशी जाळी घालून पाण्यास वाट ठेवावी. साखळीची टोके अधूनमधून उलटसुलट करावी, म्हणजे झीज एकाच भागी होत नाही. जोडकडी स्टेनलेस स्टीलची नसावी. खाऱ्या पाण्यात तिच्या संगतीने जवळचे जस्त अधिक लवकर खर्ची पडते. गंज दिसू लागताच, पोलाद शाबूत आहे तोंवर, पुन्हा जस्त चढवून घ्यावे.

गंजावर रंग फासून मात्र स्वतःची फसवणूक करू नये. वर्षातून एकदा कड्यांची जाडी कॅलिपरने मोजावी. मोठ्या जहाजांच्या नियमांत कडीचा सरासरी व्यास शेकडा १२ घटला, म्हणजे तो भाग बदलतात. हे धुणे-मोजणे कंटाळवाणे खरे. परंतु वादळी रात्री घरच्या माणसांस स्वस्थ झोप लागावी, तर ते निवांत दिवशीच उरकले पाहिजे.