शेवयांचे वैरी कोण?

बंगळूरच्या एका साध्या नूडल्सच्या उपाहारगृहात दुपारी जेवताना आमचे एक स्नेही उद्गारले, "या चिनी शेवयांनी आपले अन्न बाटविले!" हा आरोप आम्हांस मान्य नाही. ज्या मिरचीवाचून आमचा ठेचा होत नाही, ती पोर्तुगीजांमागून आली; बटाटाही तसाच. १६३८ साली विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे या नगरात आले, तेव्हा मराठी माणूसही येथे परकाच होता. त्याने कोणास बाटविले? म्हैसूरकडील घरांतून तांदळाच्या उकडीची शाविगे आजही साच्यातून दाबली जाते. आमचा शेवयांचा पाट मात्र माळ्यावर धूळ खात आहे. तो तेथे नूडल्सनी ठेविला काय? आमच्याच अनास्थेने ठेविला! परक्याच्या वाडग्यावर दात खाण्यापेक्षा आपला पाट खाली काढावा. स्वत्वरक्षण ते हेच.